सही कोणी घेतली?

मागच्या महिन्यात ठाण्यात, तलावपाळीजवळच्या एका छोट्या सभागृहात परिसंवाद होता. विषय, मालिकांनी बाईला मागे नेलं का? साठ खुर्च्या, चाळीस माणसं, त्यातल्या तीसेक बायका. पहिल्या बाजूचं म्हणणं असं की मालिका हे विष आहे. सोशिक सुना, कपटी सासवा, भरजरी साडीत झोपणाऱ्या बायका दाखवून यांनी शंभर वर्षांची सुधारणा धुऊन टाकली, तेव्हा यांना आवर घाला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ही निव्वळ करमणूक आहे, दमून आलेल्या माणसाला विरंगुळा लागतो आणि रिमोट तुमच्याच हातात आहे. २०२५च्या जुलैत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ पंचवीस वर्षांनी नव्यानं सुरू झाली, तेव्हापासून हे भांडण पुन्हा तापलंय आणि जावं तिथे याच दोन फैरी ऐकू येतात. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मागच्या रांगेतल्या एका आजींनी बराच वेळ हात वर धरला होता, पण वेळ संपला म्हणून त्यांना बोलू दिलं नाही. मी चिडून घरी आले. (साडेसातचा भाग बुडाला हेही चिडण्याचं एक कारण होतंच, लपवत नाही.)

चिडले, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून बोलत होत्या, की मालिकेतलं दुःख बेगडी असतं. एकाला ते बेगडी दुःख घातक वाटतं, दुसऱ्याला निरुपद्रवी, एवढाच फरक. मला वाटतं, दुःख चांगलं खणखणीत खरं असतं, म्हणून तर घरोघरी ताट पुढ्यात घेऊन ते बघितलं जातं. खोटा असतो तो आरोपी. रोज रात्री एक खरा गुन्हा आपल्या दिवाणखान्यात घडतो आणि त्यासाठी भलत्याच माणसाला धरून नेलं जातं. वर्षानुवर्षं हे बघून आपल्यालाही तिकडेच बोट दाखवायची सवय लागते. मालिकांवर राग धरायचा असेल तर तो यासाठी धरावा.

हे मला लख्ख कळलं ते ठाणे-वाशी लोकलमध्ये. माझी नोकरी वाशीला, त्यामुळे गेली कित्येक वर्षं सकाळची तीच गाडी आणि बायकांचा तोच डबा. आमच्यातली एक जण घणसोलीला चढते आणि तुर्भ्याला उतरते. मध्ये एकच स्टेशन, पण तेवढ्यात काल रात्रीचा अख्खा भाग सांगून होतो. त्या दिवशी विषय होता सहीचा. कुठल्याशा मालिकेत खलनायिकेनं नायिकेच्या भोळ्या आईकडून कोऱ्या कागदावर सही करून घेतली होती आणि घर हातचं गेलं होतं. डबा पेटला होता. ‘वाचल्याशिवाय सही करतं का कुणी?’ असं कुणीतरी म्हणालं. आमची घणसोलीवाली एवढी बोलकी, पण गप्प झाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मी पन केलीच ना.’

तिच्या वडिलांची शेती नवी मुंबईसाठी गेली. पुढे साडेबारा टक्के योजनेत, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात, भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा वारसांची नावं लागली आणि भावानं सांगितलं, हक्कसोडपत्र करून दे. दरडावून नव्हे. रिक्षा घेऊन आला, वहिनीनं आदल्या दिवशी साडी पाठवली होती, दुय्यम निबंधक कार्यालयात तीन तास बाकावर बसले, भावानं मधे जाऊन तिच्यासाठी थंडगार उसाचा रस आणला. तिनं कागद वाचला होता, दहावी झालेली आहे ती. साक्षीदार नात्यातलेच. फोटो काढला, अंगठा मशीनवर ठेवला, बाहेर येऊन पेढे. ‘नाय कशी बोलू? म्हायेर बंद झालं असतं.’ एवढं म्हणाली आणि तुर्भ्याला उतरून गेली.

आता सांगा, यात खलनायिका कोण? वहिनी? तिनं साडी पाठवली. भाऊ? तो आजही राखीला येतो. कोरा कागद नाही, गुंगीचं औषध नाही, जिन्यात लपून ऐकणारी बाई नाही. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला १९९४ साली, केंद्रानं २००५ साली. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये दिला. कायदा तिच्या बाजूनं तीनदा उभा राहिला आणि तरी तिनं स्वतःच्या हातानं, वाचून, शुद्धीवर असताना तो हक्क सोडला, कारण माहेर आणि हिस्सा यांतलं एकच मिळेल हे तिला कुणी न सांगताही माहीत होतं. ते तिला कुणी शिकवलं? या प्रश्नाला मालिकेत पात्र नाही. म्हणून तिथे सही नेहमी फसवूनच घ्यावी लागते.

अलेक्झांडर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं सामूहिक आघाताबद्दल एक गोष्ट मांडली आहे. घटना कितीही भयंकर असो, ती आपोआप समाजाची जखम होत नाही. कुणीतरी ती सांगावी लागते. सांगताना चार गोष्टी ठरतात: काय झालं, कुणाला झालं, ऐकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय आणि जबाबदार कोण. आपल्या मालिका पहिल्या तीन प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण घेतात. काय झालं ते तीन कोनांतून दाखवतात. कुणाला झालं तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ थांबतो की पापणीचा केस मोजता यावा. संबंधाचं तर विचारूच नका, आमच्या इमारतीत नायिकेला ‘आपली’ म्हणतात. चौथ्या प्रश्नाशी आलं की उत्तर ठरलेलं, ती लांब कानातल्यांची बाई.

या ठरलेल्या उत्तराचं सगळ्यात कामाचं अवजार म्हणजे ‘गैरसमज’. नवरा बायकोवर हात उगारतो, घराबाहेर काढतो, चारचौघांत अपमान करतो, पण त्याचा गैरसमज झालेला असतो, करून दिलेला असतो. साठ भागांनंतर गैरसमज दूर होतो, तो रडतो, ती माफ करते, घरात सत्यनारायण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांना त्यात विचारलं होतं की नवऱ्यानं शारीरिक किंवा लैंगिक जबरदस्ती केली आहे का. महाराष्ट्रात हो म्हणणाऱ्या सुमारे २५ टक्के निघाल्या. चारातली एक. एवढ्या सगळ्या नवऱ्यांचे गैरसमज करून द्यायला महाराष्ट्रात किती खलनायिका लागतील, याचा हिशोब वाचकांनी करावा.

स्वयंपाकघराचंही तसंच. मालिकेतलं स्वयंपाकघर ही कारस्थानाची जागा असते. खिरीत मीठ पडतं, आमटीत तिखटाची वाटी उपडी होते आणि पाहुण्यांसमोर सुनेची शोभा होते. म्हणजे स्वयंपाकाचं दुःख केव्हा, तर कुणी तो बिघडवला तर. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामाला बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं लागतात, पुरुषांची ८८, असं आढळलं. ही २८९ मिनिटं कुणी मीठ न टाकताच जातात. खीर उत्तम होते, सगळे बोटं चाटतात, आणि बाई साडेदहाला ओटा पुसते. हे कुठल्या भागात दाखवणार? प्रोमो कसला करणार? म्हणून तर पडद्यावर काम करणारी बाई दिसते, पण काम दिसत नाही.

आता विषवाल्यांचं खरं बळ कशात आहे ते मान्य करते. एखादी प्रतिमा आठवड्यातून सहा दिवस, वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे आली की ती मुरते, हे कुणी नाकारू नये. ‘हम लोग’चं उदाहरण मोठं बोलकं आहे. १९८४ साली दूरदर्शननं मेक्सिकोतल्या मालिकांचा आदर्श समोर ठेवून ती हेतुपुरस्सर सुधारणेसाठी काढली. त्यातली आई, भागवंती, सोसत राहणारी. असं वागू नये हे कळावं म्हणून ते पात्र लिहिलं होतं, भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन समजावूनही सांगत. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर कितीतरी जणींना भागवंतीच आदर्श वाटली होती. सुधारकांनी इशाऱ्याची पाटी लावली आणि लोकांनी तिला हार घातला.

पण विषवाल्यांनी एवढ्यावर टाळी मागू नये, कारण उलटा दाखलाही तेवढाच भक्कम आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली एक अभ्यास छापला. पाच राज्यांतल्या घरांची २००१ ते २००३ अशी पाहणी, केबल येण्याआधी आणि आल्यानंतर. केबल आलेल्या गावांत नवऱ्यानं मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, बाळंतपणंही घटली. आणि ही वर्षं कुठली? सास-बहू मालिकांचं पीक जोमात होतं तीच! म्हणजे ज्या मालिकांना आपण प्रतिगामी म्हणून झोडपत होतो, त्यांच्यातूनही कुठल्यातरी बाईला दिसलं की दुसरीकडे बायका बाहेर जातात, पैसे हाताळतात, उलट बोलतात. सोसणारी आई आदर्श ठरते आणि भरजरी सूनही थोडं स्वातंत्र्य पेरून जाते, तर मग ‘असं दाखवलं की तसं होतं’ हा सरळ हिशोब दोन्हीकडून कोसळतो. बंदीची मागणी त्याच हिशोबावर उभी आहे. म्हणून मी बंदीच्या बाजूची नाही.

शिवाय रडवणाऱ्या गोष्टींवर नाक मुरडण्याआधी आपल्या रंगभूमीकडे बघावं. देवलांचं ‘शारदा’ १८९९चं. जरठकुमारी विवाहाची, म्हणजे म्हाताऱ्याशी लावलेल्या कोवळ्या पोरीच्या लग्नाची गोष्ट, रडवणारीच. पण देवलांनी दोष कुणाच्या माथी मारला? पैशापायी पोरगी विकणारा बाप, दलाली खाणारा मध्यस्थ, मिटक्या मारत बसलेलं गाव. म्हाताऱ्याचं एक बरं होतं, तो फक्त गिऱ्हाईक. देवलही शेवटी कचरले, हे खरं. लग्न मोडतं ते शारदेला नको म्हणून नाही, वर सगोत्र निघाला म्हणून. तरी प्रेक्षक घरी जाताना ज्याच्याकडे संशयानं बघेल तो माणूस घरातलाच होता. बालविवाह प्रतिबंधक कायदा यायला १९२९ उजाडलं. तो नाटकामुळे आला असं कुणी म्हणणार नाही, पण त्या तीस वर्षांत लोकांना त्या प्रथेबद्दल बोलायला एक नाव मिळालं होतं.

आणि ज्यांच्या नावानं आमचं रंगायतन उभं आहे त्या गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’? गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले आणि नाटक रंगमंचावर आलं ते त्यांच्या पश्चात. बालगंधर्वांची सिंधू बघून आख्खा महाराष्ट्र रडला. सुधाकर तिला मारतो, मूल जातं, आणि मरता मरता सिंधू त्याला वाचवायला खोटी जबानी देते. मराठीतलं इतकं समर्थ नाटक थोडंच असेल, यात वाद नाही. पण आरोपी बघा कोण ठरला, प्याला! शीर्षकातच त्याला उभं केलंय. नवऱ्यासाठी खोटं बोलत मरायला सिंधूला कोणत्या संस्कारानं भाग पाडलं, हा प्रश्न हुंदक्यात बुडाला, आणि ती खोटी जबानीच पातिव्रत्याचा कळस ठरली. आजच्या मालिकांची आजी ‘शारदा’ नव्हे, ही सिंधू आहे. रडवण्याची ताकद तिची घेतली आणि आरोपी बदलायची युक्तीही तिचीच.

यावरून माझी आत्या आठवते. काका लालबागच्या गिरणीत कापडखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. दोन वर्षांनी त्यांनी काळाचौकीची खोली सोडली आणि कळव्याला आले. आत्या पापड लाटायची, शेजारच्या इमारतीत पोळ्या करायची. काका घरी बसले आणि प्यायला लागले. आमच्या नात्यात सगळे म्हणायचे, संगत वाईट लागली. आत्यासुद्धा तेच म्हणायची. म्हातारपणी एकदा तिच्याकडे मालिका बघत बसले होते. पडद्यावरचा नवरा पिऊन आला होता, अर्थात एका दुष्ट मित्रानं पाजलेला, आणि बायको मंगळसूत्र सोडवून सोनाराकडे निघाली होती, मागे सनई की सतार काहीतरी रडत होतं. आत्या म्हणाली, ‘मी विकलं तेव्हा सोनारानं टीव्ही चालू ठेवला होता. क्रिकेट लागलं होतं.’ मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, ‘ह्यांना संगत कुठली वाईट? सगळे गिरणीतलेच होते की.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ‘संगत’ हा शब्द उलटून बघितला, आणि तोही एका टाकाऊ प्रसंगानं तिला उलटायला लावला. मालिकेला कमी लेखू नका म्हणते ते यासाठी. पण मालिकेनं स्वतः तो शब्द उलटला नाही, हेही विसरू नका.

लाखो घरांत संपानं नवरा-बायकोचं नातं उसवलं. कमावणारी बाई आणि बसलेला पुरुष, असा उलटा संसार एका रात्रीत पत्करावा लागला. तीच गोष्ट खाडीच्या या बाजूची. १९७० साली नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं, ९५ गावांची भातशेती नि मिठागरं गेली, १९८४च्या जानेवारीत उरणजवळ जासईच्या बाजूला आंदोलक शेतकऱ्यांवर दोन दिवसांत झालेल्या पोलिसी गोळीबारात पाच जण मारले गेले. मोबदला सातबारावरच्या नावाला मिळाला. लावणीला गुडघाभर चिखलात उभी राहिलेली बाई सातबारावर कुठे असते? या सगळ्याची मालिका माझ्या पाहण्यात नाही. नवी मुंबई पडद्यावर येते ती फ्लॅट म्हणून, आगरी बोली येते ती हशा पिकवायला. जखम मात्र चोरपावलांनी येतेच. घर जाणं, सही, पिणारा नवरा, तुटणारं माहेर हे सगळे प्रसंग तिथूनच आलेले आहेत. फक्त त्यांच्यावरचा गावाचा नि सालाचा शिक्का खरवडून काढलेला असतो.

रिमोटवाल्यांचा मुद्दा आता. त्यांचा सर्वात वजनदार पुरावा म्हणजे ‘सावित्रीजोती’. फुले दांपत्यावरची मालिका २०२०च्या जानेवारीत सुरू झाली आणि वर्षभराच्या आतच, टीआरपी नाही म्हणून बंद पडली. त्यावर हळहळणाऱ्या किती जणांनी ती रोज बघितली होती? मीही चार-पाचच भाग बघितले, कबूल करते. तेव्हा ‘लोकांना हेच हवं असतं’ हे वाक्य खोटं म्हणून झटकता येत नाही.

पण अर्धंच खरं आहे. ‘आई कुठे काय करते’ २०१९च्या डिसेंबरात आली आणि पाच वर्षं चालली. पंचविशी गाठलेला संसार, तीन मोठी मुलं, आणि अरुंधती नवऱ्याला सोडते, गाते, कमावते, दुसरं लग्न करते. प्रेक्षक पळाले का? बराच काळ ती टीआरपीच्या यादीत वरच होती. मला त्यातलं सर्वात धीट पात्र अरुंधती नव्हे, तिचा नवरा अनिरुद्ध वाटला. हा माणूस राक्षस नव्हता. आईचा लाडका, मुलांच्या फिया भरणारा, ‘मी या घरासाठी काय नाही केलं’ म्हणणारा, आणि त्याला खरंच कळत नव्हतं की आपण काय केलंय. आमचे हे पेपर आडवा धरून बसायचे, ‘मी बघत नाही’ म्हणत. अनिरुद्ध बोलायला लागला की पेपराचं पान उलटायचं थांबायचं. आरोपी ओळखीचा निघाला की असं होतं. दुर्दैवानं ट्रॅक लांबत गेला तसा रोख पुन्हा पुन्हा त्याच्या प्रेयसीकडे, संजनाकडे, वळवला गेला, आणि पेपर पुन्हा सळसळू लागला.

असं का होतं, याचं उत्तर लेखकांच्या मागासपणात शोधू नये. लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत आणि त्या तुमच्या-माझ्याइतक्याच शहाण्या आहेत. उत्तर बरंचसं खर्चाच्या वहीत आहे. रोज बावीस मिनिटं भरायची, हाताशी भागांची शिल्लक दोन-चार दिवसांची, आकडे दर आठवड्याला, तेही देशभरातल्या काही हजार निवडक घरांतल्या मीटरवरून. इथे घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला मालिकांचे बंगले आहेत. दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, देवघर, दोन खोल्या, सगळं कायमचं लावलेलं. निबंधकाचं कार्यालय दाखवायचं तर बाहेर पडायला हवं, परवानगी, गर्दी, दिवस वाया. गिरणी तर उरलेलीच नाही. खलनायिका मात्र जिन्यात उभी आहे, मेकअप झालेला आहे, तिला नुसतं वळून बघायचंय. जबाबदारी घराबाहेर नेणं महाग पडतं म्हणून ती घरातल्याच एका बाईवर टाकली जाते. हे कळलं की ‘रिमोट तुमच्या हातात’ या वाक्यातला पोकळपणाही कळतो. रिमोटनं वाहिनी बदलते, बंगला तोच राहतो.

‘पण भावनाप्रधान मालिकेला खलपुरुष लागतोच, हा त्या प्रकाराचा धर्मच आहे,’ असं परिसंवादात एक जण म्हणाले. धर्म वगैरे काही नाही. १९७८ साली अमेरिकेत ‘होलोकॉस्ट’ नावाची चार भागांची मालिका झाली. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार एका डॉक्टरच्या कुटुंबाच्या गोष्टीतून. त्या छळातून वाचलेल्या एली वीझेल यांनी तिच्यावर सडकून टीका केली, एवढ्या भयंकर गोष्टीची ही स्वस्त नाटकबाजी म्हणून. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. तरी १९७९च्या जानेवारीत ती पश्चिम जर्मनीत दाखवली तेव्हा सुमारे दोन कोटी लोकांनी तिचा काही ना काही भाग बघितला, वाहिनीचे फोन खणखणत राहिले, मुलं आईबापांना विचारू लागली की तुम्ही तेव्हा कुठे होता. त्याच जुलैत तिथल्या संसदेनं खुनाच्या गुन्ह्यावरची कालमर्यादा कायमची उठवली, म्हणजे नाझी खुन्यांवर पुढेही खटले भरता येणार होते. त्या निर्णयामागे बरीच कारणं होती, पण मालिकेनं हवा तापवली हे सगळे मानतात. आणि तिच्यातला खलपुरुष कोण होता? बेकार, सौम्य, सुशिक्षित वकील, जो नोकरी मिळते म्हणून गणवेश चढवतो आणि मग एकेक कागद पुढे सरकवत जातो. (नोकरीची टोचणी मात्र बायकोनंच लावलेली. कुठेही गेलं तरी ती सापडतेच.) तीस वर्षं इतिहासाच्या पुस्तकांनी जे झालं नाही ते एका ढोबळ, रडव्या मालिकेनं केलं, कारण तिनं आरोपी प्रेक्षकांच्या घरातला निवडला.

एवढं करायला मराठीत काय लागेल? एक भाऊ, रिक्षा, बाक, उसाचा रस, मशीनवर ठेवलेला अंगठा. भावाचं काम करणारा नट चांगला हसरा हवा. पार्श्वसंगीत नको. प्रसंग चार मिनिटांचा आहे आणि मी खात्रीनं सांगते, त्या चार मिनिटांत ठाणे-वाशी लोकलचा अर्धा डबा हललेला असेल.

दरम्यान त्या सहीच्या ट्रॅकचा निकाल लागला. पंधरा दिवसांपूर्वी घणसोलीला ती चढली तीच सांगत, की सही खोटी निघाली, हस्ताक्षरतज्ज्ञानं कोर्टात सांगितलं, घर परत मिळालं, खलनायिका तुरुंगात. डब्यात आनंदीआनंद. कुणीतरी पर्समधून चिक्की काढली. तिनं तुकडा घेतला, दारापाशी सरकली. तुर्भे येत होतं.

‘आमच्याकडे खरीच होती ना पन,’ ती म्हणाली, आणि उतरली.